विमानवाली मारबत

नागपूरच्या इतवारीतल्या रंगारी गल्लीत पिकल्या केळांचा वास सुटला, की खुशाल समजावं, जयवंतानं नवा खोका उघडला. केळं मात्र शोधूनही सापडायचं नाही. समोरच्या रुखमाबाईला हा वास पहिल्यांदा आला तेव्हा तिनं आपल्या घरातली फळी बघितली, कोनाडे बघितले, नातवाच्या पांघरुणात हात घालून बघितलं, आणि शेवटी पदर खोचून तरातरा रस्ता ओलांडून जयवंताच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काहून वं, दार लोटून एकटीच केळं खाऊन राहिली?”

जयवंतानं बोटाएवढी चपटी नळी तिच्या नाकाखाली धरली. “केळं नाही, डिंक हाय. विलायती.”

“मायवं! डिंकाले केळाचा वास?”

“मंग काय शेणाचा यावा?”

अशी होती जयवंता. विचारणाऱ्याला उत्तर मिळायचं, नाही असं नाही. पण ते घेऊन घरी जाताना त्याला वाटायचं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

चाळिशीची बाई. नवरा कन्हानच्या कोळशाच्या खाणीवर कामाला म्हणून गेला आणि तिथेच दुसरीचा झाला. चार शहाण्यांनी सांगितलं, जा, पाय धर, घेऊन ये. ही गेली नाही. “ज्याचे पाय धराचे तो पायानंच पळाला,” म्हणाली, आणि आईच्या कानातलं मोडून शिवणाची मशीन घेतली. मधुकरराव म्हणून एका वकिलाकडचे कारकून होते, त्यांच्या घराची पुढली खोली तिनं भाड्यानं घेतली. गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या, पोरांची झबली, आणि आठवड्यातून एकदा सिव्हिल लाइन्समधल्या एका मडमेच्या बंगल्यावर जाऊन फ्रॉकची उसवण-शिवण. एका पोटापुरतं व्यवस्थित मिळायचं. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नाही आणि नवऱ्याचं नावही पुन्हा घेतलं नाही.

त्या मडमेच्या बंगल्यावर एकदा रद्दीच्या ढिगात तिला एक खोका दिसला. झाकणावर विमानाचं रंगीत चित्र, आत लाकडाच्या बारीक बारीक काड्या, पातळ फळ्या, झिरझिरीत कागद आणि घडी घातलेला एक मोठा नकाशा. कोणीतरी हौसेनं विलायतेहून आणवलेलं आणि अर्ध्यात कंटाळून टाकलेलं. जयवंतानं एक काडी उचलली तर बोटांना वजनच लागेना. सावरीचं लाकूड हलकं म्हणतात, पण ह्यापुढे तेही जड. तिनं मडमेला खुणेनं विचारलं, नेऊ का? मडम हसली आणि ने म्हणाली. बस, तिथून हे सुरू झालं.

पहिल्याच फटक्याला बाईनं घोटाळा केला. नकाशावर विमानाचे पंख, शेपूट, पोट सगळं मोठ्या आकारात छापलेलं होतं. जन्मभर कागदावर बेतून कापड कापणारी बाई ती. तिनं कातरी घेतली आणि नकाशाच कापून काढला! पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, अगदी पोलक्याचा कापावा तसा. कापून झाल्यावर कळलं, की तुकडे त्या कागदावर मांडून, टाचण्या टोचून जोडायचे असतात. स्वतःला ‘भैताड’ अशी शिवी हासडून तिनं भाताच्या खळीनं नकाशा पुन्हा चिकटवला. त्या सांध्यांपायी एक पंख दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड झाला. तरी तिनं ते लंगडं विमान पुरं केलं आणि मशीनच्या वर दोऱ्यानं टांगलं. रात्री अंथरुणावर पडून ती त्याच्याकडे बघायची आणि तिला फार बरं वाटायचं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं शोधलंही नाही.

मग सदर बाजारात एक म्हातारा पारशी मुंबईहून असे खोके मागवतो, असा तिला पत्ता लागला. पारसीबाबाला आधी वाटलं, ही कुठल्या तरी साहेबाची आया, पोरासाठी आली असेल. “बाबाला किती वरस?” त्यानं विचारलं. “बाबा कोनी नाही,” ती म्हणाली. “मीच हाय.” म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, तिच्याकडे नीट बघितलं आणि खोका बांधून दिला. पुढे तो तिला खुर्ची द्यायला लागला.

गल्लीला मात्र हे काही पचेना. बाईनं पैसे साठवून बांगड्या केल्या असत्या, तीर्थाला गेली असती, अगदी चोरून तंबाखू खाल्ली असती तरी गल्लीनं समजून घेतलं असतं. पण विमान? उडते का? नाही. मंग इकते का? नाही. मंग कशाले पायजे?

“मले पायजे म्हून,” जयवंता म्हणायची आणि मशीनचा पाय दाबायची. पुढचं बोलणं त्या खडखडाटात बुडून जायचं.

चौथं विमान तिनं केलं ते पिवळं, एकावर एक दोन पंखांचं. अक्षय तृतीयेला खोका उघडला आणि नागपंचमीला शेवटचा हात फिरवला. आधी एकेक फासळी कापायची, कापून घासायची. मग नकाशावर (ह्या वेळी अख्ख्या!) मांडून टाचण्यांनी रोवायची आणि त्या केळाच्या वासाच्या डिंकाचा थेंब द्यायचा. सांगाडा वाळला की वरून झिरझिरीत कागद. त्या कागदाला सुरकुत्या पडतात. त्या घालवायची युक्ती तिची तिलाच सापडली: तोंडात पाणी घ्यायचं आणि इस्त्रीच्या कपड्यावर मारतात तशी फुर्र करून फवारणी करायची. ओला कागद आधी ढिला पडतो, जीव खालीवर होतो. आणि वाळता वाळता असा ताणून बसतो, की टिचकी मारली तर टण् वाजावा. ती टिचकी मारायला तिला फार आवडायचं. त्या पिवळ्या विमानाला तिनं आत टांगलं नाही. दाराच्या चौकटीत, वरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं टांगलं. काहून लपवावं?

तिकडे विलायतेत लढाई पुकारली गेली आणि पाठोपाठ पोळा आला.

समोर नानाजींचं किराण्याचं दुकान. नानाजी म्हणजे रुखमाबाईचे यजमान आणि गल्लीचे पुढारी. वर्गणी गोळा करणं, भांडण मिटवणं आणि नसलं तर लावून देणं, ही सगळी कामं त्यांची. दुकानात वर्तमानपत्र यायचं ते नानाजी मोठ्यानं वाचायचे आणि वाचून झाल्यावर त्यात नसलेलंही सांगायचे. कामठीच्या छावणीतून पलटण हलणार म्हणतात. जर्मनचं विमान एका दिवसात कुठून कुठं जाते म्हणतात. वरून त्याले दुर्बिणीनं उंदीर दिसते म्हणतात. गल्ली आ वासून ऐकायची. आणि ऐकता ऐकता सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या त्या जयवंताच्या दाराकडे.

दुसऱ्या दिवशी नानाजी चार माणसं घेऊन तिच्या दारात आले.

“जयवंते, हे उतरव.”

“काहून?”

“काहून म्हन्ते! वरून जर्मन पाह्यल, का इथं विमान हाय, म्हंजे हे इंग्रजाचं ठाणं. टाकंल बाँब. तुह्या एकटीपायी गल्ली जाइल ना!”

जयवंतानं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खुपसल्या. “नानाजी, तुमच्या दुकानावर गणपतीचं चित्र हाय. वरून पाहून कोनी मोदक टाकले का आजलोक?”

मागची माणसं हसली. नानाजी हसले नाहीत, आणि तिथंच खरं बिनसलं. बॉम्बची भीती चार दिवसांनी विरून गेली असती. हसण्याचा डाग जात नाही.

“बाईमानसानं असे खेळ करू नाही,” ते म्हणाले. “नवरा गेला, पोर नाही, अन् हे लाकडं जोडत बसते. घराले अवदसा आनते हे. हे माहं नाही, सगळ्याइचं म्हननं हाय.”

“उद्या पोळा. परवा तान्हा पोळा. अख्खं नागपूर लाकडाचे बैल सजवून फिरंल. तुमी सवता दोन दिसापासून नातवाचा बैल रंगवून राहिले. त्याले कोनी अवदसा नाही म्हनत. माह्यं लाकडाचं विमान तेवढी अवदसा?”

“बैल कामाचा असते.”

“लाकडाचा बैल कोनतं वावर नांगरते, सांगा ना.”

आता कोणीच हसलं नाही, कारण नानाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मारबतीच्या दिवशी हे विमान आमच्या हाती दे,” ते दातओठ खाऊन म्हणाले. “मारबतीसंगं जाऊ दे जळून. नाही देशील, तं तुहीच मारबत काढीन यंदा. नागपूर पाह्यल.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात मारबती निघतात, हे काही कोणाला सांगायला नको. बांबू-कागदाच्या थोरल्या थोरल्या बाया, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषांची सोंगं. गावात जे वाईट असेल, ज्याचा राग असेल त्याचा बडग्या करायचा, शिव्या घालायच्या, मिरवायचं आणि नेऊन जाळायचं. घरातले फुटके माठ, झिजलेल्या केरसुण्याही लोक बाहेर काढतात. सगळी पिडा त्या दिवशी गावाबाहेर. जिचं सोंग निघालं तिचं गल्लीत राहणं मुश्कील, हे जयवंताला पक्कं ठाऊक होतं.

“काढा,” ती म्हणाली. “पन ढंगाची काढा. गेल्या सालचा तुमचा बडग्या नाकात चपटा होता.”

त्या संध्याकाळी घरमालक मधुकरराव आले. वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्रा माणूस वाईटापेक्षा जास्त अडचणीचा. उंबऱ्याबाहेर उभे राहून उपरण्याच्या टोकाशी चाळा करत म्हणाले, “जयवंताबाई, माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण गल्लीशी वैर मला परवडायचं नाही. एवढं ते विमान देऊन टाका. नाहीतर... दसऱ्यापर्यंत दुसरीकडे जागा बघावी लागेल तुम्हाला.”

“म्हंजे विमान नाहीतं खोली.”

“अगदी तसंच काही...”

“तसंच हाय, मधुकरराव. नीट बोला, म्हंजे मलेही नीट ऐकू येइल.”

ते गेले आणि जयवंता मशीनपुढे बसली, पण पाय चालेना. भीती वाटली तिला. वाटणारच. एकट्या बाईला, त्यातून टाकलेल्या, इतवारीत कोण जागा देतो? गिऱ्हाइकं सगळी ह्याच गल्लीतली. पारशिवनीला भाऊ होता. तो घरात घेईल, पण भावजयीच्या चुलीपाशी हात जोडून राहावं लागेल, आणि तिथं मशीन राहील, विमान काही राहणार नाही. बरं, देऊन टाकावं? एक कागदाचं विमान तर आहे. पारसीबाबा दुसरा खोका देईल. मनाशी तिनं हे सगळं घोळवलं आणि उठून चौकटीतल्या विमानाच्या पंखाला टिचकी मारली. टण्. मग तिला असा काही संताप आला, की डोळ्यांतून पाणी आलं. भाकर कमवायची ती मी, भाडं भरायचं ते मी, दुखलं-खुपलं तर उठून पाणी घ्यायचं तेही मीच. आणि मन कशात रमवायचं ते हे ठरवणार? नाही द्यायचं. गेली खोली तर गेली.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, कवडू आला. कवडू बुरूड, टोपल्या-सुपं विणायचा आणि दरसाल गल्लीच्या सोंगाचा सांगाडा बांधायचा. दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला.

“बाई, राग नको मानू. नानाजीनं सांगतलं, तुही मारबत कर. पोटाचा धंदा हाय माहा.”

“मी कुठं काय म्हनली? कर ना गा.”

“ते नाही. मारबतीच्या हातात विमान पायजे म्हन्ते नानाजी. मी केलं, पन ते... एक डाव येऊन पाह्यतं का?”

जयवंता त्याच्या अंगणात गेली. मारबत झकास झाली होती. दोन पुरुष उंच, लाल जीभ बाहेर, बटबटीत डोळे, गळ्यात पुठ्ठ्याची कातरी. आपल्याच सोंगाला तिनं वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाली, “छान हाय.” मग तिची नजर हातातल्या विमानावर गेली, आणि बाई जी भडकली!

“हे विमान हाय? मासोळी हाय हे, कवडू! पंख कुठी? शेपूट अशी लोंबते का? हे घेऊन मले नागपुरात फिरवणार तुमी? लोक काय म्हनतील, जयवंताले असलं विमान जमते?”

“म्हून तं बोलावलं,” कवडू बिचारा म्हणाला.

तिनं पदर खोचला. कवडूकडून बांबूच्या पातळ कामट्या काढून घेतल्या, भिजवून वाकवल्या, सुतळीनं आवळल्या. बैलजोड्या सजून वाजतगाजत तोरणाकडे चालल्या होत्या आणि ही तिथं बसून दोन्ही पंखांच्या फासळ्या मोजूनमापून बांधत होती. पतंगाचा पिवळा कागद आणवला, खळ लावून चढवला आणि तोंडात पाणी घेऊन फुर्र करून फवारला. बैलगाडीच्या चाकाएवढा एकेक पंख. रुखमाबाई बैलाला नैवेद्य दाखवून परतताना हे बघून जागच्या जागी थबकली.

“अवं, डोकं फिरलं का तुहं? आपल्याच मारबतीले सजवून राहिली?”

“मारबत तुमची,” जयवंता मान वर न करता म्हणाली. “विमान माह्यं हाय.”

सकाळी मारबत निघाली. जयवंता दार लावून बसेल असं गल्लीला वाटलं होतं. छे! तिनं नवं नऊवारी नेसलं, भलंमोठं कुंकू लावलं आणि चौकटीत, खऱ्या विमानाच्या खाली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ढोल तिच्या दारापाशी मुद्दाम थांबले. नानाजींनी मूठ उगारली. “इडा पिडा, खोकला-पडसं, जादूटोणा...” आणि सगळी गल्ली ओरडली, “घेऊन जाऽऽ गे मारबत!”

ज्यांच्या लेकरांची झबली ह्या हातांनी शिवली, त्यांची तोंडं होती ती. पण ती हलली नाही. ढोल पुढे सरकले तशी तिनं दाराला कडी घातली आणि मारबतीच्या मागे चालायला लागली. आपलीच वरात, घरी काहून बसावं?

आणि पुढच्या चौकात नानाजींचं गणित फसलं.

गोष्ट अशी, की नागपूरचा माणूस बडग्याला शिव्या देतो, पण मारबतीला नाही. मारबत देवी असते. बायका तिची ओटी भरतात, आजारी लेकरू तिच्या पायावर घालतात, हात जोडतात आणि मग तिला म्हणतात, बाई, ही पिडा तुझ्यासोबत ने. जयवंताला झोडपायचं तर बडग्या काढायला हवा होता. पण बाईचा बडग्या कसा काढावा, म्हणून नानाजींनी काढली मारबत. रागाच्या भरात एवढी साधी गोष्ट गल्लीत एकाच्याही ध्यानात आली नाही! रंगारी गल्लीत सगळे जाणत होते, की ही आपली शिवणवाली. गल्लीबाहेर कोणाला माहीत? त्यांनी बघितली ती लखलखीत पिवळ्या विमानाची, लाल जिभेची, दोन पुरुष उंच मारबत.

“मायवं, यंदा देवी विमानात आली!” कोणीतरी म्हणालं, आणि झालं. एक म्हातारी पुढे आली, तिनं कुंकू वाहिलं. मग दुसरी आली, नारळ घेऊन. मग तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन कोणी आली. लढाईवर जाणाऱ्या एका शिपायाची आई आली आणि कागदाच्या पायांना मिठी मारून रडायला लागली, की माझ्या लेकाला वरून सांभाळ. ढोलवाल्यांना पाऊल उचलता येईना. महाल, टिमकी अशा आसपासच्या वस्त्यांतून बायका धावत यायला लागल्या, विमानवाली मारबत कुठी हाय म्हणून.

“अहो, ही देवी नाही!” नानाजी घामाघूम होऊन ओरडत होते. “ही आमच्या गल्लीतली जयवंता हाय! अवदसा हाय अवदसा!”

त्यांचं कोण ऐकतो? उलट त्या शिपायाच्या आईनं त्यांना असं काही सुनावलं, की माराच्या भीतीनं नानाजी ढोलामागं दडले. कहर म्हणजे खुद्द रुखमाबाई नातवाला कडेवर घेऊन आली आणि मारबतीपुढे वाकली.

“अवं, अवं!” नानाजी किंचाळले. “ते आपली जयवंता हाय ना!”

“असंल,” रुखमाबाई शांतपणे म्हणाली. “एवढ्या बाया वाकून राहिल्या, त्या काय येड्या हायत? अन् पोराचा खोकला जात नाही म्हैन्याभरापासून, ते तुमी पाह्यलं का कधी?”

जयवंता गर्दीत उभी राहून हे सगळं बघत होती. आधी तिला हसू फुटलं. मग तिचं हसू मावळलं. त्या शिपायाच्या आईचं रडणं तिला बघवेना. खोटं होतं ते. सकाळी ती इडापिडा होती, आता देवी झाली. पण सकाळपासून ती जी होती ती मात्र कोणाला दिसत नव्हती.

नाईक तलावाशी मारबत पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आता जाळायची वेळ. पण बायका कडं करून उभ्या राहिल्या. इतकी देखणी देवी, विमानासकट, जाळायची कशी? ठेवा देवळाजवळ. नानाजींच्या तोंडचं पाणी पळालं. न जाळलेली मारबत म्हणजे सगळी पिडा परत गल्लीत. जाळावी तर ह्या बाया फाडून खातील.

गर्दीतून जयवंता पुढे आली. कवडूच्या हातातली पेटती चूड तिनं काढून घेतली.

“ए बाई, हात नको लावू!” त्या म्हातारीनं दटावलं. “कोन तू?”

“जिचं हे सोंग हाय ते,” जयवंता म्हणाली, इतक्या मोठ्यानं, की मागच्या ढोलवाल्यालाही ऐकू गेलं. “रंगारी गल्लीतली जयवंता. चोळ्या शिवतो, अन् विमानं करतो. हे कागद हाय माय, बांबू अन् कागद. मी रातच्याला बसून फासळ्या जोडतो, मले आवडते म्हून. याच्यात देवी नाही अन् पिडाबी नाही.” मग ती त्या शिपायाच्या आईकडे वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. “तुह्या लेकाले देव सांभाळो, माय. पन माह्या हातून ते होनार नाही. मले तेवढं येत नाही.”

त्या बाईनं डोळे पुसले आणि बाजूला झाली, तशा बाकीच्याही झाल्या.

“विमान काढून घेऊ का?” कवडूनं हळूच विचारलं. “लय जीव लावून केलं तू.”

“राहू दे. ते तिचं हाय. माह्यं घरी टांगलं हाय.”

तिनं चूड लावली. कागद भरकन पेटला, लाल जीभ गेली, कातरी गेली, दोन्ही पिवळे पंख क्षणभर नुसत्या फासळ्यांचे राहिले आणि मग तेही कोसळले. स्वतःला जळताना बघून तिला काहीच वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, एकदाचं.

संध्याकाळी गल्लीत पोरं लाकडाचे बैल ओढत हिंडली. जयवंताच्या दारात आली तेव्हा तिनं दरसालसारखा बैलांना टिळा लावला आणि हातावर खाऊ ठेवला. मोठी माणसं तिच्याकडे डोळा चुकवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी आणि मधुकरराव दोघं मिळून आले. नानाजींच्या हातात नारळ, मधुकररावांच्या हातात हार. मागे निम्मी गल्ली. जयवंता उंबऱ्याजवळ पाट मांडून बसली होती आणि तिच्यापुढे नवा खोका उघडा पडला होता. केळाचा वास दरवळत होता.

मधुकररावांनी घसा साफ केला. “जयवंताबाई, खोलीचं मनात आणू नका. दसराबिसरा काही नाही. तुम्ही राहा. आणि हे जे विमान आहे ना, ते इथेच, दारात असू द्या. सकाळपासून टिमकीच्या बायका विचारून गेल्या. मी म्हणतो, खाली एक लहानसा चौथरा बांधू. गल्लीचं नाव होईल.”

“माहं चुकलं म्हन,” नानाजी नारळ पुढे करत म्हणाले. “आजपासून ह्या विमानाची पूजा गल्ली करंल. वर्गणी मी काढतो.”

मधुकरराव टाचा उंचावून विमानाला हार घालायला गेले. जयवंतानं उठून त्यांचा हात वरच्या वर धरला. मग विमानाचा दोरा सोडला आणि ते दोन्ही हातांनी उतरवून छातीशी घेतलं.

“काल जाळाले निघाले होते,” ती म्हणाली. “आज पुजाले आले. काल नाही विचारलं, आजही नाही विचारलं, का हे विमान हाय कोनाचं.”

मधुकररावांनी हार पाठीमागं धरला.

“माह्यं हाय. माह्या पैशाचं, माह्या हाताचं, माह्या आवडीचं. देवळात जाणार नाही अन् जाळातबी जाणार नाही. हे माह्या घरात राहील, अन् मीबी ह्याच घरात राहीन. पटते का, मधुकरराव?”

मधुकररावांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? काल अख्खं नागपूर जिच्या पाया पडलं तिला घराबाहेर काढायची हिंमत इतवारीत कोणाच्या बापात नव्हती, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

तिनं विमान आत नेऊन मशीनच्या वर टांगलं, परत येऊन पाटावर बसली, नकाशा पसरला, त्यावर पहिली काडी ठेवली आणि टाचणी टोचली. गल्ली अजून उभीच होती, नारळ-हार घेऊन, दारात दाटीवाटी करून.

“आता सरका दारातून,” ती मान वर न करता म्हणाली. “मले उजेड येऊ द्या.”